खुळखुळ्याच्या वाळक्या काड्यांवर एवढी फुलपाखरं कशाला जमतात?

पॅटर्नमेकर

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिला धागा काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत पॅटर्नमेकर आहे, म्हणजे ओतकामाचे नमुने बनवतो. सेकंड शिफ्ट असली की सकाळ मोकळी. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून येळ्ळूरपर्यंत गाडी नेतो आणि राजहंसगडाच्या खालच्या माळावर फिरतो. खरं सांगायचं तर चालणं कमी आणि गवतात बसून फुलपाखरं बघणं जास्त. बायको म्हणते, शुगर फुलपाखरांची कमी व्हायली असेल, तुमची नाही.

तर काल सकाळची गोष्ट. माळाची कड संपून भाताची शेतं सुरू होतात तिथं कुणीतरी खुळखुळ्याची झुडपं उपटून बांधावर ढीग टाकलाय. खुळखुळा म्हणजे पिवळ्या फुलांचं, शेंग वाळली की आत बिया वाजतात ते. चार-पाच दिवस झाले असावेत. पानं काळी पडून सुरकुतलेली, फूल औषधाला नाही. आणि त्या ढिगावर ही फुलपाखरं! मोजायला लागलो, चाळीसपर्यंत आलो आणि सगळी एकदम उठून परत बसली, मोजणी बोंबलली. केशरी होती, काळपट तपकिरी होती, काळ्यावर निळसर ठिपक्यांचीपण होती. दहा पावलांवर एकदांडी भरभरून फुललेली, तिकडं मात्र एकदोन पिवळी चिल्लीपिल्ली सोडली तर शुकशुकाट.

गुडघे टेकून जवळ गेलो. एक केशरी वाळक्या देठावर बसलेलं. सोंड सोडली, टोकाशी मोहरीएवढा पाण्याचा थेंब काढला, देठावर टेकवला, परत ओढून घेतला. पुन्हा थेंब, पुन्हा ओढला. मधूनच पुढं सरकून तेच. मी हातभर अंतरावर होतो, माझी सावली अंगावर पडली तरी ते हललं नाही. एरवी ही मंडळी वीतभर जवळ येऊ देत नाहीत.

वाळक्या काडीत असं काय आहे? बरोबर उत्तर देणाऱ्याला माझ्याकडून पाव किलो कुंदा.

निपाणीकर बाळू

परवाच सर्वपित्री झाली. पितरं असतील, परतीच्या गाडीची वाट बघत बसलीत. कुंदा पार्सल करा, पत्ता खरडवहीत टाकतो.

कॅम्पातली काकू

बाळू, तुझं काय ते एक!

पॅटर्नमेकर, छान लिहिलंय, पहिलाच धागा आहे असं वाटत नाही. उत्तर मला माहीत नाही, पण ते काळपट तपकिरी, कडेला पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेलं माझ्या ओळखीचं आहे. आमच्या कंपाउंडला जुनी कण्हेर आहे. तीन वर्षांपूर्वी पानाखाली चांदीचा झुमका लटकलेला दिसला. मला वाटलं शेजारच्या नातीचं कानातलं उडून अडकलं. हात लावला तर हललं की हो! आत माझा चेहरा दिसत होता, इतकं चकचकीत. मग मुलानं सांगितलं की हा कोष आहे. आठवड्याभरानं झुमका काळा पडला आणि एका सकाळी रिकामा. तेच हे कॉमन क्रो, बरोबर ना?

शिवारातला संजा

आमच्यातबी दरवर्षी असंच ढीग पडतोय. ती झाडं मुद्दाम उपटून टाकायची असत्यात. बैलानं, म्हशीनं खाल्लं तर बाधतंय. हिरवं सहसा खात नाहीत, पण कडब्यात वाळून मिसळलं की खाऊन बसत्यात आणि मग जनावर खंगतंय. आमचा बाबा एक काडी वैरणीत दिसली तरी सगळी पेंढी सोडून बघायचा.

फुलपाखरांचं म्हणाल तर बसत्यात हे खरं. कशाला ते कुणी बघितलंय, भात बघायचं की फुलपाखरं?

रानवाटा खानापूर

सोपं आहे. अंडी घालत असणार. फुलपाखरू फुलाशिवाय कुठं झाडावर फिरताना दिसलं की नव्वद टक्के वेळा मादी अंडी घालायला आलेली असते. लिंबाच्या झाडावर घिरट्या घालतात त्यातलाच प्रकार. भीमगडच्या बाजूला मी हे कित्येकदा पाहिलंय. कुंदा अर्धा किलो करा, आम्ही घरात सहाजण आहोत.

पॅटर्नमेकर

@रानवाटा, अंडी घालताना शेपूट वाकवतात ना? इथं कुणी शेपूट वाकवत नव्हतं, सगळ्यांचं काम तोंडाकडून चाललेलं. आणि मेलेल्या झाडावर अंडी घालून अळ्यांनी खायचं काय?

कुंदा पाव किलोच. सेकंड शिफ्टवाल्याचा पगार आहे हा.

रानवाटा खानापूर

मुद्दा आहे. मग खार. चिखलावर बसून क्षार ओढतात तसं. जांबोटीच्या ओढ्यावर एप्रिल-मेमध्ये थवेच्या थवे बसलेले असतात.

निवृत्त बायोमॅडम

उशिरा आले, नवरात्राची साफसफाई चालू आहे. पितरं नाहीत, अंडी नाहीत आणि खारही नाही. पण रानवाटा उत्तराच्या जवळून गेलेत आणि संजानं तर ते हातात आणून ठेवलंय, त्यालाच माहीत नाही.

खुळखुळ्याच्या पाना-बियांत एका प्रकारची अल्कलॉइड असतात, पायरोलिझिडीन म्हणतात त्यांना. जनावरांच्या यकृतावर परिणाम करतात ती. बाबा पेंढी सोडून बघायचे ते ह्याचसाठी. झाडानं ती स्वतःच्या बचावासाठी तयार केलेली असतात. आणि ही केशरी, काळी, निळ्या ठिपक्यांची जी मंडळी तुम्ही बघितलीत ती सगळी एकाच गोतातली आहेत: प्लेन टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो, ब्लू टायगर. ह्या गोताला ती अल्कलॉइड हवी असतात. खायला नव्हे, साठवायला. नर त्यांपासून अंगातला वास तयार करतात. पोटाच्या टोकाला केसांचे दोन बारीक झुपके असतात, एरवी आत लपवलेले, मादीपुढे उडताना बाहेर काढून फुलवतात. ज्या नराला हे विष मिळालं नाही त्याचा वास फिका, त्याचं लग्न जमणं अवघड. शिवाय मीलनात तो त्यातला काही भाग मादीला देतो, तो अंड्यांपर्यंत पोचतो आणि अंडी खाणाऱ्याला कडू लागतात.

हिरव्या धडधाकट झाडापेक्षा मोडलेल्या, सुकत चाललेल्या झाडावर गर्दी होते, कारण पेशी फुटल्या की ती द्रव्यं बाहेर येतात. पण सुकलेल्या काडीत ओल नसते. म्हणून तो थेंब! फुलपाखरू स्वतःची लाळ टाकतं, त्यात विरघळलेलं परत ओढतं. चहात बिस्किट बुडवण्याचीच तऱ्हा, फक्त इथं चहा आपल्या तोंडातला.

भुरुंडीच्या वाळक्या झाडावरही हेच दृश्य दिसतं.

निपाणीकर बाळू

म्हणजे विष पिऊन अत्तर लावून फिरणार, आणि वर हुंड्यात विषच देणार. बायोमॅडम, आमच्या गल्लीत असे दोघं आहेत.

माचीगडचा

मॅडम, एक शंका. लहानपणापासून ऐकलंय की ह्या केशरी फुलपाखराच्या अळीला रुईच्या चिकामुळं कडूपणा येतो आणि म्हणून पक्षी खात नाहीत. आता तुम्ही म्हणता खुळखुळा. नक्की कुठलं विष?

निवृत्त बायोमॅडम

दोन्ही. पण वेगवेगळी आणि वेगवेगळ्या वयात. अळी असताना रुई खाते, चिकातली हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं थोडीफार अंगात राहतात. पंख फुटल्यावर खुळखुळा गाठते, तेही मुख्यतः नर. पहिलं आईनं दिलेलं, दुसरं स्वतः कमावलेलं समजा. कॉमन क्रोच्या अळ्या कण्हेरीवर आणि वड-उंबराच्या जातीवर वाढतात, तेव्हा काकूंचा झुमका अगदी बरोबर ओळखलात.

माचीगडचा

"मुख्यतः नर" हे कशावरून? ढिगावर बसलेल्यांची कुणी जात-पडताळणी केली?

निवृत्त बायोमॅडम

प्लेन टायगरची करता येते, चष्मा लावून. मागच्या पंखाच्या मध्याजवळ काळे ठिपके असतात. मादीला तीन. नराला चार, चौथा जरा फुगीर, मध्ये पांढुरका. ती वासाची पिशवी. पंख मिटून बसलेलं असलं तरी खालच्या बाजूनं दिसते. पॅटर्नमेकर, तुमचं काम ठिपके आणि भोकं जुळवायचंच आहे, घ्या मनावर.

पॅटर्नमेकर

घेतलं मनावर. आमच्यात एक भोक इकडचं तिकडं झालं तर सगळी बॅच रिजेक्ट होते. रविवारी जातो.

तोवर हा कालचा फोटो. ह्यात मागच्या पंखावर मला एकच ठिपका दिसतोय, तोही वरच्या कडेला. हा कसला नर? ढिगावर नव्हता, बांधाखाली घोळ उगवलीय तिथं जमिनीलगत फिरत होता.

निवृत्त बायोमॅडम

अहो, तुम्हाला बक्षीस लागलंय! ते प्लेन टायगर नाहीच. डॅनाइड एगफ्लायची मादी आहे. हुबेहूब कडवट प्लेन टायगरचा वेश घेऊन फिरते, म्हणजे पक्षी हिलाही सोडून देतात. अंगात विष काही नाही. ओळखायची खूण हीच, मागच्या पंखावर एकच ठिपका. आणि घोळीत का फिरत होती? तिच्या अळ्या घोळ खातात. रानवाटा, इथं मात्र तुमचं खरं, ती अंडी घालायलाच आलेली असणार.

तिचा नर बघाल तर काळाभोर, पंखांवर पांढरे गोल आणि भोवती जांभळी झाक. नवरा-बायको आहेत असं कुणी शपथेवर सांगितलं तरी पटत नाही.

कॅम्पातली काकू

घोळीची भाजी आम्ही खाणार तरी किती, राहू दे तिला.

अवांतर: आमच्या स्वयंपाकघरात दिवेलागणीला एक तपकिरी फुलपाखरू येतं. पावसाळ्यात आलेल्याला पंखाखाली डोळे डोळे होते. थंडीत येतं ते नुसतं वाळकं पान. दोन वेगळी की एकच?

निवृत्त बायोमॅडम

एकच! कॉमन इव्हनिंग ब्राउन. पावसाळी अवतारात डोळे, कोरड्या दिवसांत वाळकं पान, कारण तेव्हा ते पाचोळ्यात बसतं. अळ्या गवत आणि भात खातात, त्यामुळं येळ्ळूर-वडगावच्या बासमती शिवाराच्या आसपास असणारच.

शिवारातला संजा

म्हणजे माझं भात खाणारं पाखरू काकूंच्या घरात पाहुणचार घेतंय. बिल कुणाला लावू?

चिट्टे

मी मूळची धारवाडची, लग्न होऊन बेळगावात. मराठी लिहायचा सराव कमी, चुकले तर सांगा. आमच्यात पुस्तकात चिट्टे म्हणतात पण आजी पातरगित्ती म्हणायची. सासूबाईंचे माहेर काणकोणचे, त्या पिसोळें म्हणतात. माझी मुलगी शाळेत बटरफ्लाय म्हणते. घरात एक फुलपाखरू आले की चार नावांनी हाका. ते कशाला थांबते!

माचीगडचा

वा. आणि आमच्याकडची म्हातारी माणसं लहान-मोठं सगळ्यांनाच पाकोळी म्हणायची. त्यावरून आठवलं, महाराष्ट्रानं २०१५ साली राणी पाकोळीला, म्हणजे ब्लू मॉर्मनला, राज्य फुलपाखरू केलं. असं करणारं देशातलं पहिलं राज्य. नंतर कर्नाटकानं सदर्न बर्डविंग घेतलं, तेच सह्याद्री बर्डविंग. गोव्यानं मलबार ट्री निम्फ. खानापूरच्या जंगलात ही तिन्ही उडतात. आता ह्यांचं रेशनकार्ड कुठलं?

निपाणीकर बाळू

सीमाभागातल्या ८६५ गावांत दोन्ही राज्यांच्या फुलपाखरांना उडायची मुभा असावी, अशी मागणी करणारा ठराव मांडतो. अनुमोदन?

रानवाटा खानापूर

अनुमोदन. पण मोठेपणात आमचं बर्डविंग पुढं. भारतातलं सगळ्यांत मोठं फुलपाखरू आहे ते.

माचीगडचा

होतं. १९३२ मध्ये मोजलेल्या एका मादीचे पंख १९० मिलिमीटर भरले होते, तो विक्रम ८८ वर्षं टिकला. २०२० मध्ये उत्तराखंडात डीडीहाटला गोल्डन बर्डविंगची मादी १९४ मिलिमीटर भरली. चार मिलिमीटरनं गादी गेली.

रानवाटा खानापूर

चार मिलिमीटर म्हणजे मोजणाऱ्याच्या अंगठ्याची चूक. आम्ही मानत नाही. फेरमोजणी झाली पाहिजे.

संपादक

मंडळी, फेरमोजणी, गावं आणि ठराव हे शब्द एका धाग्यात आले की आमचा रक्तदाब वाढतो. फुलपाखरांवर या.

चिट्टे

सर्वात लहान कोणते ते पण सांगा ना. मुलीने विचारले.

निवृत्त बायोमॅडम

ग्रास ज्वेल. नखावर मावेल एवढं, करड्या तपकिरी रंगाचं, मागच्या पंखाच्या कडेला खालून नारिंगी वेढ्यातले चमकते काळे ठिपके. माळावर गवताच्या बुडाशी असतं, आपण त्याच्यावर पाय देऊन चालत असतो. मुलीला घेऊन जा तेव्हा उभ्यानं शोधू नका, बसा. आणि सकाळी साडेआठच्या आधी जाऊन उपयोग नाही, ऊन अंगात मुरल्याशिवाय ही मंडळी कामाला लागत नाहीत. नऊ ते अकरा बरं. सूर्य तुमच्या पाठीशी नको, सावली पुढं पडते. पॅटर्नमेकरांना जवळ जाऊ दिलं ते खुळखुळ्याच्या नशेत होतं म्हणून, एरवी सावली पडली की गेलंच.

हौशी लेन्स

फोटोंबद्दल: पंख उघडे आणि मिटलेले, दोन्ही बाजू घ्या. एका बाजूवरून भांडणं मिटत नाहीत. मोबाइलवर झूम करू नका, हळूहळू कोपरावर सरका. माझ्या दोन पँटी गेल्या, पण ब्लू पॅन्सी मिळालं.

कारवार रोड

बायोमॅडमनी अळ्यांचं एवढं लिहिलंय म्हणून. कुठली अळी काय खाते ही माहिती आपल्या भागात कुठून आली ठाऊक आहे? बरीचशी शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातून. १८९०च्या दशकात तिथं तीन साहेब होते. डेव्हिडसन कलेक्टर, बेल जंगल खात्यात, आणि एटकेन मीठ-कस्टम खात्यात. एटकेनचा जन्म १८५१ चा, साताऱ्याचा. हे तिघं दौऱ्यावर जाताना अळ्या गोळा करायचे, पाळायचे, कुठलं पान खाते, कोष कसा दिसतो ते लिहून ठेवायचे. त्या काळातले बाकीचे लोक जाळी घेऊन फुलपाखरं पकडून टाचण्या मारत होते. ह्यांना ती जगतात कशी ह्यात रस. बेल तर निवृत्तीनंतरही कारवारातच राहिला, १९४८ मध्ये तिथंच वारला.

मला ह्या माणसाचं कौतुक वाटतं. साहेब असून मायदेशी परत गेला नाही, सुरवंटांपायी.

उद्यमबाग टू टिळकवाडी

धाग्याचा सूर गोड आहे, मी जरा कडू बोलतो. खुळखुळ्यासारखं. पॅटर्नमेकर ज्या माळावर फिरतात तसलेच माळ मी लहानपणी अनगोळच्या पुढं बघितलेत. आज तिथं दगड रोवून लेआउट पडलेत. प्लॉटभोवती गवत कमरेएवढं आहे, पण ते सगळं काँग्रेस गवत. हिरवं दिसतं म्हणून माळ होत नाही. आणि जिथं माळ उरलाय तिथं जानेवारी-फेब्रुवारीत काडी लावतात. गवताच्या बुडाशी असलेले कोष, अळ्या, अंडी, सगळं एका दुपारी खलास. त्यावर कुणी बोलत नाही.

शिवारातला संजा

बोलतो की. काडी लावणारे आमीच, लपवायचं काय. जुनं गवत जाळलं की वळीव पडल्यावर कोवळं येतंय, गोचीड मरतंय. गायरानात चरायला सोडणाऱ्यानं काय करायचं, तुमच्या फुलपाखरांसाठी म्हशीला उपाशी ठेवायचं? लेआउटवाल्याला कुणी विचारत नाही, शेतकऱ्याला उपदेश.

उद्यमबाग टू टिळकवाडी

संजाभाऊ, तुम्हाला उद्देशून नव्हतं. पण सगळा माळ एका दिवशी जाळायची गरज आहे का? अर्धा ह्या वर्षी, अर्धा पुढच्या?

शिवारातला संजा

आग माणसाचं ऐकून अर्ध्यात थांबती काय? जाळरेषा काढायला गडी लागत्यात. गड्याला मजुरी कोण देणार?

पण खरं सांगू, आमच्या बांधालगतचा तुकडा दोन वर्षं तसाच राहिला, काडी लावायला वेळ मिळाला नाही. ह्या वर्षी तिथं पिवळी फुलपाखरं जास्त हाईत असं मला दिसूलालंय. टाकळा माजलाय तिथं.

निवृत्त बायोमॅडम

टाकळा हेच कारण! ग्रास यलोच्या अळ्या टाकळ्यावर वाढतात. वेळ मिळाला नाही हे सगळ्यांत उत्तम संवर्धन आहे, संजा.

माचीगडचा

जाळरेषेचा खर्च ग्रामपंचायतीनं उचलला तर संजाचं आणि टिळकवाडीचं दोघांचं जमेल असं वाटतं. पण त्याला वेगळा धागा लागेल आणि संपादकांना गोळी.

पॅटर्नमेकर, रविवार होऊन गेला. कुठं आहात?

पॅटर्नमेकर

आलो, आलो. दसऱ्याची खंडेनवमी, फौंड्रीत मशीन पुसून पूजा, त्यामुळं दोन दिवस गेले.

अहवाल. रविवारी ढिगाकडं गेलो तर ढीगच नाही. मालकानं पेटवून दिलेला, नुसती राख. मनातून उतरलो. मग म्हटलं आपणच ढीग करू. माळावर खुळखुळ्याची चार झुडपं उपटली, सुतळीनं पेंढी बांधली, गाडीला अडकवून घरी. गल्लीत लोक विचारतात, ही कसली पत्री? बायकोला सांगितलं प्रयोग आहे. गच्चीवर कपड्यांच्या तारेला उलटी टांगली.

पहिला दिवस: काही नाही. दुसरा दिवस: काही नाही, बायकोचे टोमणे सोडून. तिसऱ्या दिवशी पानं काळी पडायला लागली आणि सकाळी साडेनऊला एक केशरी आलं. आमच्या गल्लीत, वडगावात, जिथं दिवसभर माग खडखडतात तिथं! दहाला तीन. अकराला सात, त्यात एक कॉमन क्रो.

काल आणि आज मिळून प्लेन टायगरचे नीट फोटो बारा. मोठे करून एकेकाचे ठिपके मोजले, कागदावर खुणा केल्या. अकरा जणांना चौथा ठिपका, फुगीर, मध्ये पांढुरका, मॅडमनी सांगितला तस्साच. बारावं कायम पान आडवं घेऊन बसलं, ठिपके दिसलेच नाहीत. त्याला मी मोजणीतून वगळलंय. रिजेक्ट नाही, होल्डवर.

आणखी एक. पेंढीतल्या दोन हिरव्या शेंगांना भोक होतं. फोडली तर आत अळी, पिवळट, काळ्या पट्ट्यांची. ती बघून पुन्हा प्रश्न पडलाय: हीही विष खाऊन बसलीय का?

निवृत्त बायोमॅडम

बारापैकी अकरा, आणि बारावं प्रामाणिकपणे होल्डवर! माझ्या तीस वर्षांत प्रॅक्टिकलच्या वहीत इतका सरळपणा फार थोड्यांनी दाखवला. बाकीचे बारावं नर म्हणून लिहून मोकळे व्हायचे.

अळी पतंगाची असावी, युटेथिसाची. पांढऱ्या पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला नाजूक पतंग, दिवसाही उडतो म्हणून लोक फुलपाखरू समजतात. तिच्या अळ्या शेंगा पोखरून बिया खातात आणि हो, तेच विष साठवतात. डबीत ठेवा, वर फडकं बांधा, दररोज ताजी शेंग द्या, काय निघतं ते इथं टाका. मी सांगितलं म्हणून मानू नका.

माचीगडचा

मी माझी शंका मागे घेतो. अकरा-शून्य.

कॅम्पातली काकू

आमच्या गच्चीवर करून बघू का? खुळखुळा कुठं मिळेल? कॅम्पात दिसत नाही.

शिवारातला संजा

काकू, सांगा किती पेंढ्या पाहिजेत. आजवर ज्याला कुणी फुकट घेत नव्हतं त्याला गिऱ्हाईक आलंय. फक्त तुमच्या घरी शेळी-बिळी नाही नव्हं?

निपाणीकर बाळू

सगळं ठीक, पण मूळ प्रश्न राहिला. कुंदा कुणाला?

निवृत्त बायोमॅडम

संजाला. बाधतंय हे त्यानं माझ्या आधी लिहिलंय, वेळ बघा.

शिवारातला संजा

मला नको गा, मला शुगर हाय. मॅडमना द्या.

पॅटर्नमेकर

शुगर मलाही आहे. मॅडम, खानापूरच्या बसस्टँडवर शनिवारी अकराच्या सुमाराला येतो. कुंदा आणि अळीची डबी दोन्ही बरोबर असेल. डबी कुठली ते उघडण्याआधी विचारा.